पुढची ओळ वाचली का?

प्रश्न थोडक्यात असा आहे: धर्मग्रंथांत हिंसेची वचनं आहेत म्हणून अतिरेकी तयार होतात, की ग्रंथ नुसता पुढे केला जातो आणि खरं कारण राजकारण, अन्याय, सूड असं वेगळंच असतं? प्रश्नकर्त्याने शेवटी घरातली काळजीही सांगितली आहे. धाकटा भाऊ गेले चार महिने 'धर्मासाठी मारणं पाप नाही' अशा अर्थाची वचनं घरच्या ग्रुपवर टाकतो आहे. त्याला उत्तर म्हणून कुठलं वचन पाठवावं?

मी पंचवीस वर्षं धर्मग्रंथ शिकवते आहे. त्यातली शेवटची बारा वर्षं या वाटेला लागलेल्या, आणि काही अगदी कड्यावरून परत फिरलेल्या, मुलांशी व त्यांच्या आईवडिलांशी बोलण्यात गेली. त्यावरून लिहिते. उत्तर लांबणार आहे, पण भावाचा प्रश्न त्याशिवाय सुटायचा नाही.

आधी एक वाक्य बाजूला ठेवू या: 'कोणताच धर्म हिंसा शिकवत नाही.' आपण हे चांगल्या मनाने म्हणतो. पण ज्या मुलाने मूळ वचन स्वतःच्या डोळ्यांनी वाचलंय, त्याला हे खरं नाही हे लगेच कळतं, आणि तिथून पुढे तुमचं काहीच त्याच्या कानात शिरत नाही. बायबलमध्ये पहिल्या शमुवेलाच्या पंधराव्या अध्यायात शौल राजाला अमालेकी लोकांची बायका आणि तान्ह्या बाळांसकट कत्तल करण्याची आज्ञा आहे. कुराणाच्या नवव्या सूरेतली, म्हणजे अध्यायातली, पाचवी आयत अनेकेश्वरवाद्यांना सापडतील तिथे मारायला सांगते. गीता रणांगणावर सांगितली गेली आणि 'तस्माद्युध्यस्व' हा शब्द तिच्यात आहे. ही वचनं आहेत. ती नाहीत असं भासवून कुणाचंच भलं होत नाही.

पण म्हणून 'ग्रंथातच विष आहे' हा निष्कर्षही टिकत नाही. तेच ग्रंथ शतकानुशतकं कोट्यवधी लोक वाचत, ऐकत, पाठ करत आले. त्यातला एखादाच हातात शस्त्र घेतो. जी गोष्ट सगळ्यांपाशी आहे ती एकाच्या कृत्याचं पुरेसं कारण कशी होईल? आणि उलट बाजूने पाहा: श्रीलंकेतल्या तमिळ वाघांनी आत्मघाती हल्ल्यांचं अख्खं तंत्र उभं केलं, २१ मे १९९१ ला राजीव गांधींना त्याच तंत्राने मारलं, आणि त्यांच्या विचारसरणीत धर्मग्रंथाला जागाच नव्हती. मरायला आणि मारायला तयार होण्यासाठी पोथी लागतेच असं नाही.

मग पोथीचं काम काय असतं? इथे मी एक प्रकरण जरा सविस्तर सांगते, कारण माझी समज त्याने बदलली.

तेराव्या-चौदाव्या शतकातले पंडित इब्न तैमिया यांना कुणीतरी आजच्या तुर्कस्तानातल्या मार्दीन या शहराबद्दल विचारलं होतं. शहर मंगोलांच्या ताब्यात, राहणारे लोक मुसलमान. मग ही भूमी युद्धाची समजायची की शांततेची? त्यांनी उत्तर दिलं की दोन्ही नाही, हा तिसराच प्रकार आहे: इथल्या मुसलमानाला त्याच्या योग्यतेप्रमाणे वागवावं, आणि जो शरियतीबाहेर गेला त्यालाही त्याच्या योग्यतेप्रमाणे वागवावं. 'वागवावं' यासाठी मूळ अरबी शब्द 'युआमल'. १९०९ साली फतव्यांचा संग्रह छापला गेला तेव्हा दुसऱ्या ठिकाणी 'युआमल'चं 'युकातल' झालं. युकातल म्हणजे 'त्याच्याशी लढावं'. टिंबं नीट न दिलेल्या हस्तलिखितात दोन्ही शब्दांची ठेवण जवळजवळ सारखी दिसते. एका शब्दाची चूक, आणि सबुरीचा फतवा लढाईचा फतवा झाला.

इजिप्तमध्ये अब्दुस्सलाम फरज नावाच्या तरुण अभियंत्याने जी पुस्तिका लिहिली, तिच्यात हा फतवा आधाराला घेतला होता. मुसलमान म्हणवणारा पण शरियत न चालवणारा राज्यकर्ता मारणं हे विसरलेलं कर्तव्य आहे, असं तिचं म्हणणं. ६ ऑक्टोबर १९८१ ला लष्करी संचलन चालू असताना राष्ट्राध्यक्ष अन्वर सादात यांना गोळ्या घातल्या गेल्या. हल्ला करणाऱ्या गटाच्या मागे फरजचंच डोकं होतं. पुढे मॉरिटानियाचे पंडित अब्दुल्ला बिन बय्या यांनी दमास्कसमधल्या जुन्या हस्तलिखिताशी ताडून पाहिलं आणि चूक उघड झाली. इब्न तैमियांच्याच शिष्याने, इब्न मुफलिहने, हा फतवा उद्धृत केला होता त्यातही 'युआमल'च होतं. २०१० च्या मार्चमध्ये मार्दीनमध्येच पंडितांची परिषद भरली आणि तिने या फतव्याच्या आधारे हिंसा करता येत नाही असं जाहीर केलं. तोवर सादात यांना जाऊन जवळपास तीस वर्षं झाली होती.

ही गोष्ट वर्गात सांगितली की मुलं म्हणतात, म्हणजे छपाईच्या चुकीने सादात गेले! तसं नाही. हल्ल्याचा म्होरक्या खालिद इस्लामबूली याच्या भावाला महिनाभर आधीच, सप्टेंबर १९८१ च्या धरपकडीत, अटक झाली होती. त्या धरपकडीत दीड हजारांहून जास्त लोक आत गेले होते. इस्रायलशी केलेल्या १९७९ च्या तहाचा राग होताच. बरोबर छापलेला फतवा हातात असता तरी या माणसांनी दुसरा कुठलातरी आधार शोधला असता, असं मला वाटतं. राग आधीच होता. ग्रंथाने त्या रागाला परवानगी दिली, आणि परवानगी ही लहान गोष्ट नाही. माणसाला माणूस मारणं जड जातं. 'हे माझं कृत्य नाही, वरून आलेली आज्ञा आहे' असं म्हणता आलं की तेच हलकं होतं. म्हणून ग्रंथाला पूर्ण निर्दोषही म्हणता येत नाही.

परवानगी काढायच्या रीतीही ठरलेल्या आहेत. सगळ्यात जास्त दिसते ती कापाकापी. एकोणीस वर्षांचा एक मुलगा माझ्यासमोर बसला होता. त्याने मोबाइल पुढे केला; हिरव्या पार्श्वभूमीवर तीच नवव्या सूरेतली पाचवी आयत, तीही मधूनच सुरू झालेली आणि शेवट उडवलेली. मी कुराणाचं भाषांतर उघडलं आणि म्हटलं, सहावी वाच. त्याने मोठ्याने वाचली: त्या अनेकेश्वरवाद्यांपैकी कुणी आसरा मागितला तर त्याला आसरा दे, त्याला ईश्वराचं वचन ऐकू दे, आणि मग त्याला सुरक्षित वाटेल अशा जागी पोचव. पुन्हा वाचली. मग चौथी वाचली, जिच्यात करार पाळणाऱ्यांशी करार पाळा असं आहे. 'ही पुढची ओळ कुणी पाठवलीच नाही,' एवढंच म्हणाला.

आता इथे गोष्ट संपली असती तर मला आवडलं असतं. दोन आठवड्यांनी तो 'नस्ख'चा मुद्दा घेऊन आला: पाचव्या आयतीने आधीच्या शांततेच्या शंभरावर आयती रद्द केल्या आहेत. हे त्याच्या मनचं नव्हतं. जुन्या काही भाष्यकारांनी खरोखरच तसं मानलं आहे. पण त्याला हे कुणी सांगितलं नव्हतं की इजिप्तचे जुने पंडित सुयूती यांनी रद्द आयतींची यादी विसाच्या आसपास आणली आणि अठराव्या शतकात दिल्लीच्या शाह वलीउल्लाहांनी ती पाचांवर आणली. हजार वर्षांचा वाद त्याच्यापर्यंत एका बाजूचा निकाल म्हणून पोचला होता.

दुसरी रीत याहून सोपी: वचनच बनवायचं. 'अहिंसा परमो धर्मः, धर्म हिंसा तथैव च.' हे तुम्ही शंभरदा वाचलं असेल, गांधींनी अर्धा श्लोक लपवला या टिप्पणीसकट. पहिला चरण महाभारतात अनेक ठिकाणी येतो. अनुशासनपर्वात त्याच्या पुढे 'तथाहिंसा परो दमः' असं आहे, म्हणजे अहिंसा हाच श्रेष्ठ संयम. आदिपर्वात पुढे 'सर्वप्राणभृतां स्मृतः' आहे. 'धर्म हिंसा तथैव च' महाभारतात नाही. पुण्याच्या भांडारकर संस्थेने शेकडो हस्तलिखितं ताडून १९६६ पर्यंत जी चिकित्सक आवृत्ती पूर्ण केली तीत हा चरण सापडत नाही. हे मी एका मुलाला दाखवलं. तो हुशार होता, संस्कृत शिकलेला होता. पानं स्वतः चाळून पाहिली, आणि शांतपणे म्हणाला, 'असेल खोटं. पण बरोबर आहे ते.'

त्या वाक्यापाशी मी खूप दिवस अडकले. त्याला श्लोकाने पटवलं नव्हतंच. त्याच्या मामाचं दुकान दंगलीत जळलं होतं, नुकसानभरपाईसाठी मामा वर्षभर हेलपाटे घालत होता, आणि घरात त्यावर कुणी बोलायचं नाही असं ठरलं होतं. श्लोक आला तो या गप्पपणात. ज्याने पाठवला त्यानेच पहिल्यांदा मुलाला विचारलं होतं, 'तुझ्या मामाचं काय झालं?'

आता परंपरेकडे वळते, कारण ग्रंथ आणि वाचणारा यांच्यामध्ये ती उभी असते, आणि अतिरेक्याला तीच नको असते. बायबलमधल्या 'अनुवाद' नावाच्या पुस्तकाच्या एकविसाव्या अध्यायात बंडखोर मुलाला गावाने दगडांनी मारावं अशी आज्ञा आहे. ज्यू धर्मगुरूंनी ती खोडली नाही. अटी घालत गेले. एकाने तर म्हटलं की आई आणि वडील आवाजाने, रूपाने, उंचीने सारखे असतील तरच. शेवटी ताल्मूदमध्ये, म्हणजे या धर्मगुरूंच्या चर्चांच्या ग्रंथात, वाक्य येतं: असा मुलगा कधी झाला नाही आणि होणारही नाही. मग लिहिलं कशाला? अभ्यास करावा म्हणून. तिथेच एकजण उठून सांगतो की मी असा मुलगा पाहिला आहे, त्याच्या थडग्यावर बसलो आहे! तोही आवाज ग्रंथात ठेवला आहे, पुसला नाही. मला हे फार मोलाचं वाटतं.

आपल्याकडे ज्ञानेश्वरांनी काय केलं पाहा. गीतेच्या चौथ्या अध्यायात अवताराचं प्रयोजन सांगताना 'विनाशाय च दुष्कृताम्' असे शब्द आहेत. त्याच गीतेवर नऊ हजार ओव्या लिहून झाल्यावर ज्ञानदेव मागणं मागतात ते 'जे खळांची व्यंकटी सांडो, तया सत्कर्मीं रती वाढो'. खळ सांडो असं नाही. त्यांचा वाकडेपणा सांडो. गांधींनीही असंच केलं. अठराव्या अध्यायात 'हत्वापि स इमाँल्लोकान्न हन्ति' असं आहे: ज्याला अहंकार नाही तो या लोकांना मारूनही मारत नाही. मारेकऱ्याला याहून सोयीचं वचन कुठलं? गांधी म्हणतात, ज्याचा अहंकार असा पूर्ण जळाला आहे तो एक ईश्वरच. माणसाला यातून मारण्याची मोकळीक मिळत नाही. ३० जानेवारी १९४८ ला ते निघाले होते ते संध्याकाळच्या प्रार्थनेला, जिथे गीतेच्या दुसऱ्या अध्यायातले स्थितप्रज्ञाचे श्लोक म्हटले जात. त्यांना मारणारा नथुराम गोडसे १५ नोव्हेंबर १९४९ ला फासावर गेला तेव्हा त्याच्या हातातही गीताच होती.

पण परंपरा नेहमी धार बोथटच करते असं समजू नका. इथे माझ्या क्षेत्रातले लोकही फसतात. लूकच्या शुभवर्तमानात मेजवानीच्या दाखल्यात यजमान नोकराला सांगतो, लोकांना आत यायला भाग पाड. जेवणाच्या आमंत्रणाची गोष्ट ती. पण ऑगस्टीनसारख्या मोठ्या ख्रिस्ती विचारवंताने, जे आधी जबरदस्तीच्या विरोधात होते, हेच वाक्य उत्तर आफ्रिकेतल्या डोनाटिस्ट या फुटून निघालेल्या ख्रिस्ती पंथावर सक्ती करण्यासाठी वापरलं, आणि पुढची हजार वर्षं ते वापरलं जात राहिलं. बौद्ध परंपरेत पाहा. श्रीलंकेच्या महावंसात दुट्ठगामणी राजाला युद्धात मेलेल्यांचं दुःख होतं, तेव्हा अर्हत, म्हणजे निर्वाणाला पोचलेले भिक्षू, येऊन समजूत घालतात की तू खरी माणसं दीडच मारलीस: एक त्रिशरण घेतलेला, दुसरा पंचशील घेतलेला. बाकीचे जणू पशू. बुद्धाच्या वचनांत असं काही नाही. ही कित्येक शतकांनंतर लिहिलेली बखर आहे. तरी ऑक्टोबर २०१७ मध्ये, रोहिंग्या लाखोंनी देश सोडून पळत असताना, म्यानमारच्या सितागू सयाडो या अत्यंत मान्यवर भिक्षूंनी लष्करी अधिकाऱ्यांपुढच्या प्रवचनात हीच कथा सांगितली. ते विद्वान आहेत. अज्ञानाचं कारण तिथे चालत नाही.

आयसिस या अतिरेकी संघटनेचा म्होरक्या अबू बक्र अल-बगदादी यानेही कुराणविषयक अभ्यासात डॉक्टरेट केली होती. इस्रायलचे पंतप्रधान यित्झाक राबिन यांना ४ नोव्हेंबर १९९५ ला मारणारा यिगाल अमीर कायद्याचा विद्यार्थी होता आणि धर्मशास्त्रही शिकलेला होता. 'पाठलाग करून मारायला येणाऱ्याला आधीच मारता येतं' हा जीव वाचवण्यासाठीचा नियम त्याने पंतप्रधानांना लावला. तेव्हा ज्ञान म्हणजे लस, असं मी कधीच सांगत नाही. नेत्यांपाशी ज्ञान असतं. अनुयायांपाशी मात्र बहुधा नसतं, आणि याला बऱ्यापैकी पुरावा आहे. २०१६ मध्ये आयसिसचे भरतीचे हजारो अर्ज बाहेर फुटले. त्यात शरियतीचं ज्ञान किती, असा रकाना होता, आणि सुमारे ७० टक्के लोकांनी 'प्राथमिक' असं लिहिलं होतं. वेस्ट पॉइंट या अमेरिकी लष्करी अकादमीच्या अभ्यासकांना त्यात आणखी एक गोष्ट दिसली: ज्यांचं ज्ञान जास्त, ते आत्मघाती हल्ल्यासाठी नाव द्यायला सगळ्यात कमी तयार. २०१३ साली ब्रिटनमधून सीरियाला गेलेल्या दोन तरुणांनी निघण्याआधी नवशिक्यांसाठी लिहिलेली इस्लामची आणि कुराणाची ओळखपुस्तकं मागवली होती. ठरलं आधी, वाचन नंतर. मार्क सेजमन या मानसोपचारतज्ज्ञाने १७२ जिहादींच्या चरित्रांचा अभ्यास २००४ मध्ये मांडला. त्यात मदरशातून आलेले थोडे होते. बहुतेक जण मित्राचा किंवा नातेवाइकाचा हात धरून आत गेले होते.

२०१४ मध्ये सव्वाशे मुस्लिम पंडितांनी बगदादीला उघडं पत्र लिहिलं. त्यातला अगदी सुरुवातीचा मुद्दा मला वर्गात फार उपयोगी पडतो: एखाद्या विषयावर कुराण आणि हदीस (पैगंबरांच्या उक्ती-कृतींच्या नोंदी) जे जे सांगतात ते सगळं न पाहता, एखादी आयत किंवा तिचा तुकडा उचलून हुकूम काढणं निषिद्ध आहे. पत्र उत्तम होतं. पण ज्यांच्यासाठी होतं ते ते वाचणार नव्हते. त्यांच्या लेखी ते पंडित आधीच विकले गेलेले होते. घरातल्या वडीलधाऱ्या, गावातल्या धर्मगुरूबद्दल तुच्छता आधी पेरली जाते, वचनं त्यानंतर येतात. हा क्रम नीट लक्षात ठेवा.

आता तुमच्या भावाबद्दल.

कुठलंच वचन पाठवू नका. ग्रुपवर तर मुळीच नाही. तुम्ही एक पाठवलंत की तो दोन आणेल. त्याला पुरवठा करणारा बसलेला आहे, तुम्हाला नाही. शिवाय चारचौघांत हरणं त्याला परवडणारं नाही, म्हणून तो अधिक घट्ट होईल. ग्रंथाची किंवा श्रद्धेची टिंगलही नको. भेटा, किंवा निदान फोन करा, आणि तब्येत, काम, मित्र यांपासून सुरुवात करा. चार महिन्यांपूर्वी काय झालं हे शोधा. नोकरी गेली का, कुणी अपमान केला का, कुणाच्या बाबतीत अन्याय झाला आणि घरात त्यावर कुणी तोंड उघडलं नाही का. अन्याय खरा असेल तर खरा आहे असं स्पष्ट म्हणा. हे म्हणायला घरचे सगळ्यात जास्त घाबरतात, आणि बाहेरचा माणूस नेमकं तेवढंच म्हणून मुलाला घेऊन जातो.

वचनांचा विषय त्यानेच काढला तर वाद घालू नका. 'हे मूळ पुस्तकात कुठे आहे, मला दाखव' म्हणा. दोघांनी मिळून पुस्तक उघडा, आधीची दहा वाक्यं आणि नंतरची दहा वाक्यं वाचा. तुम्हाला अर्थ सांगता येत नसेल तर सांगू नका. त्याच परंपरेतला, त्याला अजूनही आदर वाटतो असा एखादा माणूस उरलाय का ते पाहा आणि त्याच्याकडे सोबत जा. पहिल्या भेटीत काही हाती लागायचं नाही. त्या संस्कृत येणाऱ्या मुलाबरोबर मी सात महिने बसले, आणि त्यातले पहिले तीन आम्ही फक्त मामाच्या अर्जांची फाइल लावत होतो.

काही गोष्टींवर मात्र नजर ठेवा. जुने मित्र एकाएकी तुटले, दुसरा फोन आला, 'आता बोलायची वेळ गेली' अशी भाषा सुरू झाली, विशिष्ट जागेची किंवा माणसाची माहिती काढणं सुरू झालं, वस्तू वाटून टाकल्या, माफ्या मागून झाल्या, तर हे समजावण्याच्या पलीकडचं आहे. शस्त्राचा किंवा बेताचा सुगावा लागला तर त्याच दिवशी पोलिसांना सांगा. मला भेटलेल्या एका वडिलांनी ते केलं होतं. मुलगा आज सुटून आला आहे, अजून त्यांच्याशी बोलत नाही, आणि रोज त्यांच्याच घरी जेवतो.